दगड उलटून पाहिलेली नदी

पुण्यात नदीचा विषय काढला की बहुतेकांचा हात आधी नाकाकडे जातो. ‘नदी कसली, गटारच ते!’ असेही ऐकू येते. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. मग एका हिवाळ्यात एका पक्षिमित्राबरोबर लोणी काळभोरजवळच्या कवडीपाटला गेलो. मुळा-मुठेच्या उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे उभे होते, नारिंगी चक्रवाक पोहत होते, नदीसुरय घिरट्या घालत होते. घरी येऊन मी सांगितले, ‘‘आपली नदी जिवंत आहे!’’

मित्र मात्र म्हणाला, ‘‘पक्षी उडून येतात, उडून जातात. नदीची तब्येत बघायची असेल, तर दगड उलटून बघ.’’

तसे केले. टेमघर धरणाच्या वर, डोंगरातल्या एका ओढ्यात घोटाभर पाण्यातला दगड उचलला. खालच्या बाजूला तीन शेपट्यांचे चपटे, चपळ जीव चिकटले होते. ती मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्ले. ती कल्ल्यांनी श्वास घेतात, त्यांना पाण्यात भरपूर प्राणवायू लागतो. शहराच्या खालच्या अंगाला दगड उलटला, तर काळा गाळ आणि त्यात वळवळणाऱ्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू कमी असला तरी त्या तगतात. शेकाटे अशा अळ्यांवर ताव मारतात. म्हणजे जी गर्दी पाहून मी हरखलो होतो, तिच्यातली काही पाने आपल्याच सांडपाण्याने वाढलेली होती!

पूर्वी ही नदी कशी होती? त्याची खूण माशांच्या नावांत सापडते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नावे ठेवताना त्याने इथलीच मराठी नावे घेतली. आपला कोळस ‘कोलस’ झाला, मळ्या ‘मुल्या’ झाला. महाशीराच्या एका जातीचे नाव ‘खुद्री’. तिचे पहिले वर्णन पुण्याच्या पूर्वेला, याच मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून झाले. महाशीराला वाहते, स्वच्छ पाणी आणि अंडी घालायला खडीचा तळ लागतो. जगभरचे अभ्यासक आजही तो मासा आपल्या नदीतल्या नावाने ओळखतात. नदीत मात्र त्याला राहण्याजोगी जागा आपण ठेवलेली नाही.

तरी मी निराश नाही. वरच्या ओढ्यांत मेफ्लाय अजून आहे. मोठी झाल्यावर तिला पंख फुटतात. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडले, तर तिला खाली यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तुमच्या गावच्या नदीवर किंवा ओढ्यावर मुलांना घेऊन जरूर जा. एक दगड उलटा, नीट पाहा, आणि मग तो होता तसाच, त्याच जागी ठेवा. कारण त्याच्याखाली कुणाचे तरी घर असते.