चेस्टरचा तट

इंग्लंडच्या वायव्येला डी नदीच्या काठी चेस्टर नावाचं शहर आहे. रोमन छावणीच्या जागेवर वाढलेल्या या शहराच्या लाल दगडी तटावरून आजही गावाला प्रदक्षिणा घालता येते. तट पाहून वाटतं, यानेच शहर वाचवलं असेल. पण घडलं वेगळंच.

१६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. चेस्टर राजाच्या बाजूचं. आयर्लंडहून येणारी कुमक इथे उतरायची, म्हणून पार्लमेंटचा सेनानी विल्यम ब्रेरटन हात धुऊन या शहराच्या मागे लागला. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तटाबाहेरची घरं राखणदारांनीच जाळली, पाडली. पहिला घाव बसला तो असा, आपल्याच माणसांच्या हातून. ज्यांची घरं गेली, त्यांच्यासाठी तट असून नसल्यासारखाच होता.

सप्टेंबर १६४५ मध्ये पूर्वेकडचं उपनगर पार्लमेंटच्या फौजेच्या पहाटेच्या छाप्यात पडलं. सेंट जॉन चर्चच्या आवारात तोफा चढल्या आणि न्यूगेट या वेशीजवळ तटाला खिंडार पडलं. लोकांनी घरातल्या पिसांच्या गाद्या आणि लोकरीचे गठ्ठे आणून ते बुजवलं. माती वाहायला बायका होत्या, आणि हे सगळं गोळीबार चालू असताना! या वेढ्यातले खरे लढवय्ये मला हेच लोक वाटतात. राजा पहिला चार्ल्स मदतीला आला, पण २४ सप्टेंबरला रोटन हीथवर त्याच्या घोडदळाची दाणादाण उडाली. तटाच्या बुरुजावरून त्याने ती पाहिली, असं सांगतात. दुसऱ्याच दिवशी तो वेल्सकडे निघून गेला. शहराला जाता येणार नव्हतं.

पुढे हिवाळाभर उखळी तोफांचे गोळे घरांवर पडत राहिले. अन्नाचे हाल झाले. फेब्रुवारी १६४६ मध्ये शहराचा राजपक्षीय गव्हर्नर लॉर्ड बायरन याने शहर स्वाधीन केलं. वेढ्यातून उठतंय न उठतंय तोच १६४७ मध्ये प्लेग आला आणि दोन हजारांवर माणसं गेली.

घरं हळूहळू पुन्हा उभी राहिली. तट मात्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्त झाला तो फिरायला जाणाऱ्यांसाठी. पुढे जुन्या वेशी पाडून तिथे रुंद कमानी बांधल्या, गाड्या सहज जाव्यात म्हणून. न्यूगेटजवळच्या खिंडाराची डागडुजी आजही दगडांत ओळखू येते. जळलेल्या उपनगरांची मात्र अशी एकही खूण तटावरून दिसत नाही.