विषय बदल, वर्ग सोडू नकोस

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहे, ती आज खिशातच राहू द्या. आज एका पोरीबद्दल बोलतो. ती आपल्याच वस्तीतली आहे, आपल्या बैठकांना येते. नाव सांगत नाही, कारण तिच्यासारख्या इथं दहाजणी बसल्यात, आणि दहाजणही.

मागल्या आठवड्यात रात्रपाळी करून गोदीतून घरी येत होतो. ही नळावर उभी. म्हणाली, "दादा, मला बी.एस्सी. सोडायचंय." सेकंड इयरला आहे, केमिस्ट्री. त्यांच्या अख्ख्या घराण्यातली सायन्सला गेलेली पहिली. आई कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी कामगार. मी विचारलं, "सोडून काय करणार?" म्हणाली, "आर्ट्स घेईन, हिस्ट्री. नाहीतर काहीच नाही, चळवळीचं काम करीन. तू नाही का करत दहावीवर?"

ते शेवटचं वाक्य मला हुकासारखं रुतलं.

दोस्तांनो, मी दहावीवर थांबलो तो काही बंड म्हणून नव्हे. घरात खाणारी तोंडं पाच आणि कमावणारा हात एक, म्हणून थांबलो. पण आम्ही कवींनी आमच्या अडचणीला कवितेत इतका रंग फासला की पोरांना ती मर्दुमकी वाटायला लागली. ही चूक आमची. आज ती इथं उभं राहून कबूल करतो.

आता विषय बदलण्याबद्दल. माझं पहिलं म्हणणं असं की विषय बदलायचा हक्क तिला आहे, आणि तो छोटा हक्क नाही. 1936 साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी सांगितलं की जात माणसाला बापाच्या धंद्याला बांधून ठेवते, धंदा बदलू देत नाही, आणि म्हणून जात हीच बेकारीचं एक कारण आहे. हे मला पुस्तकाआधी गोदीनं शिकवलं. माझा बाप गोण्या ओढायचा. 1989 साली समोर न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, माल कंटेनरमध्ये बंद होऊन तिकडं गेला. 1994 साली डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. जिथं टोळ्याच्या टोळ्या लागत तिथं क्रेन आणि चार माणसं भागवतात, आणि त्यांतला मी कंत्राटी. एक धंदा माणसाच्या डोळ्यांदेखत मरतो. मग अठराव्या वर्षी घेतलेला विषय जन्मभर पाठीवर वाहायची सक्ती कशाला? तसं केलं तर ती दुसरी जातच झाली की!

पण विषय निवडणं ही आपल्यात कधीच साधी गोष्ट नव्हती. खुद्द बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. आणि आज? कफ परेडच्या पोरानं विषय बदलला तर बापाला विचारतो. आपल्या पोरीनं बदलला तर सरकारला विचारावं लागतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची नियमावली वाचा. ज्या विषयासाठी शिष्यवृत्ती मिळाली तो पूर्वपरवानगीशिवाय बदलला, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. बी.ए. होऊन पुन्हा बी.कॉम.ला बसलात, तर त्या दुसऱ्या पदवीला शिष्यवृत्ती नाही. 1944 साली ही शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते. ती आपल्या हक्काची आहे, म्हणून तिचे नियम आपल्याला तोंडपाठ पाहिजेत. आपल्याला पाठ काय असतं? घोषणा.

त्यात आता 2020 चं नवं धोरण आलंय. एका वर्षानं बाहेर पडा, सर्टिफिकेट घ्या. दोन वर्षांनी पडा, डिप्लोमा घ्या. परतही येता येतं म्हणतात. ज्याच्या घरात पैसा आहे तो येईल परत. आपली पोरगी एकदा बाहेर पडली की तिच्या हातात सहा महिन्यांत एकतर मॉलची झाडू येते, नाहीतर बांगड्या. बाहेरचं दार रुंद केलं म्हणजे आतल्याचं भलं झालं असं नाही.

म्हणून मी तिला पायरीवर बसवलं आणि तीन प्रश्न विचारले. हेच प्रश्न तुम्ही आपापल्याला विचारा.

पहिला : तुला विषय नकोसा झालाय, की वर्ग? ती आधी गप्प. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रॅक्टिकलला कुणी हिच्याबरोबर जोडी करत नाही. एका मास्तरानं भर वर्गात विचारलं, "कोट्यातनं आलीस का?" दहावीपर्यंत मराठी मीडियम, आणि इथं सगळं इंग्रजी. एका पेपरात केटी लागली, ती तिनं आईपासून लपवली. दोस्तांनो, यात केमिस्ट्रीचा काय गुन्हा? आर्ट्सच्या वर्गात बसली तर तिथं दुसरा मास्तर तोच प्रश्न विचारील. अपमानापासून पळायला विषय बदलला, तर अपमान पुढच्या वर्गात आपल्याआधी जाऊन बसलेला असतो.

दुसरा : तुला खरंच काय वाचावंसं वाटतं? इथं तिचे डोळे चमकले. ती इतिहास वाचते, खरंच वाचते. मग मी म्हणालो, हे खोटं नाही, हे धर. पण हिशोब कर. आणखी दीड वर्षानं पदवी हातात येईल. तीन वर्षांच्या एल्एल.बी.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते, आपल्याला 40 टक्के लागतात. एम.पी.एस.सी.ला कुठलीही पदवी चालते. कित्येक विद्यापीठं कुठल्याही पदवीधराला इतिहासाच्या एम.ए.ला घेतात. पदवीनंतर वळणं पुष्कळ आहेत. पदवीआधी वळलीस तर शिष्यवृत्ती अडकेल, वर्षं जातील, आणि आईचा धीर सुटेल. तरी वळायचंच असेल तर आधी लेखी परवानगी, मग नवं अॅडमिशन, आणि मग जुनं सोडणं. उलटं करू नकोस.

तिसरा : चळवळीसाठी सोडतेस का? याचं उत्तर मी देत नाही, बाबासाहेबांचं 1920 साल देतं. जानेवारीत 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, शाहू महाराज आले. चळवळ नुकती उभी राहत होती. आणि जुलैत बाबासाहेब बोटीत बसले, लंडनला अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला. सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून गेले. त्याच्याआधी 1917 साली बडोद्याची नोकरी सुटली होती, शिपाई फायली लांबून टाकत होते आणि राहायला कुणी जागा देत नव्हतं म्हणून. माणसानं नोकरी बदलली, शहर बदललं, अर्थशास्त्राला कायदा जोडला. शिक्षण मात्र सोडलं नाही. 1923 साली बॅरिस्टर होऊन आले, आणि त्याच साली डॉक्टर ऑफ सायन्सही झाले. मग महाड झालं, 1927 साली.

तेव्हा शाखेच्या पुढाऱ्यांना माझं सांगणं आहे, आणि ते समोरच बसलेत. परीक्षेच्या दिवसांत पोस्टर चिकटवायला पोरं नेऊ नका. पोस्टर मी चिकटवतो. माझी परीक्षा कधीच संपली.

आणि एक गोष्ट जड जिभेनं सांगतो. हैदराबादच्या रोहित वेमुलाला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचं होतं. 17 जानेवारी 2016 ला तो गेला. तो एकटा पडला होता असं आपण नंतर म्हणालो. नंतर म्हणून काय उपयोग? कुणाला वर्गात जीव नकोसा होत असेल, तर त्यानं आज रात्रीच कुणाचं तरी दार वाजवावं. माझं वाजवा. रात्रपाळी असली तर माझी आई उघडील.

त्या पोरीनं अजून ठरवलेलं नाही, आणि तिच्या वतीनं मी ठरवणार नाही. एवढं मात्र ठरलंय. केटीचा फॉर्म ती भरणार. तिची आई ओरडेल, तेव्हा मी शेजारी बसणार. मास्तराची तक्रार लेखी जाणार, कॉलेजच्या एस.सी.-एस.टी. सेलकडे, आणि तिच्याबरोबर आपल्यातले पाचजण जाणार. आपल्यातला एम.एस्सी. झालेला जो कुणी इथं मान खाली घालून बसलाय, त्यानं दर रविवारी बुद्धविहारात दोन तास द्यावेत. हात वर कर, बाबा. चळवळीचं कामच आहे ते.

आणि पोरी, तू मागच्या रांगेत बसलीस, मला दिसतंय. विषय तू निवड. केमिस्ट्री ठेव, इतिहास घे, कायदा कर, उद्या पुन्हा बदल. पण ते बाक कुणी तुला आवडीनं दिलेलं नाही, लोकांनी लढून मिळवलंय. त्यावरून तू आपल्या मर्जीनं ऊठ. कुणाच्या नजरेनं उठू नकोस.

जय भीम.