एक मत की पसंतीक्रम?

२०१४ची लोकसभा निवडणूक हिंगोलीकर विसरलेले नाहीत. काँग्रेसचे राजीव सातव आणि शिवसेनेचे सुभाष वानखेडे, दोघांनाही साडेचार लाखांहून अधिक मतं. आणि सातव जिंकले अवघ्या १,६३२ मतांनी. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. निम्म्याहून अधिक हवीत अशी अट नाही. मोजणी सोपी, आणि जाब कुणाला विचारायचा हे हिंगोलीतल्या वसमत-कळमनुरीच्या मतदाराला नेमकं ठाऊक. पण हरलेल्याला पडलेली लाखो मतं जागांच्या हिशेबात शून्य ठरतात. हे मला खुपतं.

राज्यसभेसाठी मात्र आमदार पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहितात. विजयाचा कोटा पूर्ण झाला की उरलेलं मतमूल्य पुढच्या पसंतीकडे जातं. २०२२ मध्ये महाराष्ट्रातून भाजपचे धनंजय महाडिक सहाव्या जागेवर दुसऱ्या पसंतीच्या बळावर निवडून आले. मतं कमी वाया जातात, मोजणी मात्र किचकट.

जर्मनीत मतदार दोन मतं देतो, एक उमेदवाराला, एक पक्षाला. पाच टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षालाही तिथे जागा मिळतात. मला ही वाट विचार करण्याजोगी वाटते, जरी तिथलं सरकार बहुधा आघाडीचंच असतं.