पेला कोणाचा निराळा ठेवायचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही गोड बोलावे असा रिवाज आहे. मला मात्र आज जुलाबांविषयी बोलावयाचे आहे. हसू नका. ज्या घरात हे दुखणे महिना-महिना ठाण मांडून बसते, त्या घरातल्या बाईला त्यात हसण्यासारखे काही सापडत नाही.

गोष्ट माझ्याच घरची आहे; आणि जिची आहे तिनेच “खुशाल सांगा” म्हटले, म्हणून सांगते. माझे धाकटे दीर एचआयव्हीच्या दुखण्याने गेले. पुढे धाकट्या जावेच्या रक्तातही तो विषाणू निघाला. तिला सरकारी गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्या आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागल्या. पुढे एका उन्हाळ्यात, गावाला टँकरचे पाणी होते तेव्हा, तिला जुलाब लागले. पाच आठवडे झाले तरी थांबेनात. आम्ही काय केले? तिचा पेला-ताट निराळे केले. शाळेत मुलांना देतात ती जंताची गोळी दिली. आणि “तुझ्या त्या औषधांनीच पोट बिघडले, बंद कर ती,” असे मीच तिला म्हणाले. थोरल्या जावेचा शब्द म्हणून तिने तो ऐकला.

पोर वाळून काटकी झाली, तेव्हा नगरला नेली. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी तीन निरनिराळ्या दिवशी शौच तपासावयास मागितले. क्षयाच्या जंतूंसाठी थुंकी ज्या तऱ्हेने रंगवून पाहतात, तशाच तऱ्हेने रंगवून पाहिल्यावर त्यात सिस्टोआयसोस्पोरा नावाचा परजीवी सापडला. हा जंतासारखा लांब किडा नव्हे, एकपेशीय जीव आहे. जंताच्या गोळीला तो जुमानत नाही. धडधाकट माणसाच्या पोटात गेला तर बहुधा थोड्या दिवसांत आपोआप निघून जातो. पण अंगातली प्रतिकारशक्ती खालावली की तेथेच बिऱ्हाड करतो. त्यावर कोट्रायमोक्साझोल नावाचे जुने, स्वस्त औषध आहे. ते दिले आणि जाऊ थोड्याच दिवसांत उठून बसली.

बाई मग मला म्हणाल्या, “बंद करविलीत तीच गोळी हिची खरी ढाल होती.” याच जातकुळीतला क्रिप्टोस्पोरिडियम तर अशा रोग्यांत औषधालाही नीटशी दाद देत नाही, प्रतिकारशक्ती परत आणणे हाच त्यावर मुख्य उपाय. तो नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनलाही पुरून उरतो. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना त्याची बाधा झाली. तेव्हा केवळ पावडर टाकून भागत नाही; दुबळ्या माणसाचे पाणी उकळलेलेच हवे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे.

दुबळे माणूस म्हणजे केवळ एचआयव्हीचे नव्हे. कर्करोगाची औषधे चालू असलेले, मूत्रपिंड बदललेले, फार दिवस स्टेरॉइड घेणारे, कुपोषित मूल, हे सारे त्यात आले. अशांपैकी कोणाचे जुलाब दोन आठवड्यांवर गेले, तर घरगुती काढ्यांवर थांबू नका. शौचाची तपासणी मागा, आणि “प्रतिकारशक्ती कमी आहे” हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. साध्या तपासणीत हे जीव पुष्कळदा निसटतात. तोवर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. चालू औषध आपल्या मनाने कधीही थांबवू नका. कच्ची कोथिंबीर, काकडी नीट धुतल्यावाचून त्या ताटात वाढू नका. आणि शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी हात साबणानेच धुवा.

हे काम बायकांना झेपणारे आहे का, अशी शंका नको. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, आणि खेड्यातल्या, कित्येक निरक्षर, बायांना आरोग्यसेविका केले. मीठ-साखरेचे पाणी त्यांनीच घरोघर शिकवले. नगरच्या ‘स्नेहालय’ने, १९८९ पासून, ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते अशा बायामुलांना आसरा दिला. आपण निदान आपल्या आळीपुरते तरी पाहू या.

माझ्या मनाला एकच गोष्ट अजून टोचते. तिचा पेला आम्ही निराळा ठेवला, तो आम्हांला बाधा होऊ नये म्हणून. एचआयव्ही पेल्याने पसरत नाही. उलट आमच्या न उकळलेल्या माठाची भीती तिला होती! जपायचे होते ते तिला आमच्यापासून, आणि आम्ही जपत होतो आम्हांला तिच्यापासून.

आज आमच्या घरी एकच माठ आहे, उकळलेल्या पाण्याचा. ओगराळे दांड्याचे आहे, पेले सगळ्यांचे सारखे. आजचा चहा जाऊबाईंनी केला आहे. तो घेतल्याशिवाय कोणी उठू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.