पाठीवर सॅक, पायाखाली पुळण



मंडीदीपच्या माणसानं समुद्रावर बोलायचं म्हणजे तुम्ही मनात हसणार, हे मला ठाऊक आहे. आपल्याला पाणी म्हणजे बेतवा, कलियासोत आणि फार तर भोपाळचा बडा तालाब. पण आपलं गाव कुठं वसलंय ते एकदा नकाशात पाहा. इथला पाऊस बेतवेतून यमुनेत, तिथून गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. ओबेदुल्लागंजच्या पुढं विंध्याचा घाट उतरलात की पलीकडचा पाऊस नर्मदेला मिळतो आणि अरबी समुद्र गाठतो. तासाभराच्या रस्त्यात दोन समुद्रांच्या वाटा फुटतात. हे लक्षात असू द्या, पुढं त्याचं काम आहे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या मार्च महिन्यात मी नातवाची जुनी सॅक पाठीला लावली आणि कोकणात उतरलो. घरच्यांना वाटलं कुलदैवताला चाललेत. मी चाललो होतो कासवं पाहायला. हरिहरेश्वरहून बागमांडल्याला आलो, फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो आणि बाणकोटच्या किल्ल्याजवळून वेळासच्या रस्त्याला लागलो. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. भानूंचं घराणं तिथून घाटावर आलं. आपले पूर्वज त्यांच्याच काळात आणि नंतर नर्मदा ओलांडून इकडं पसरले. तेव्हा आपण परके नव्हे, असं मी स्वतःला सांगत होतो.

चालण्याचा फायदा असा की किनारा वितीवितीनं दिसतो. ओहोटीला पुळणीवर खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली असते. तुम्ही पाऊल टाकलंत की सगळे बिळात, दोन मिनिटं स्तब्ध राहिलात की पुन्हा बाहेर. पाण्याच्या काठानं चिखले धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. गाडीतून जाणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. (गुडघेदुखीवाल्यांनी मात्र दिवसाला आठ किलोमीटरच्या पुढं जाऊ नये. हा अनुभव आहे.)

वेळासच्या कासवांची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था सागरी गरुडांच्या पाहणीसाठी तिथं गेली होती, तेव्हा किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची टरफलं सापडली. 2002 साली संरक्षणाचं काम सुरू झालं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून साधारण शंभर अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ती अंडी माणसं, कुत्री आणि कोल्हे यांच्या तोंडी जात. आता गावातले कासवमित्र पहाटे मादीच्या पावलांचा माग काढतात आणि अंडी कुंपणाच्या आत, तितक्याच खोल खड्ड्यात पुरतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. ऊब जास्त असेल तर माद्या अधिक. 2006 पासून तिथं कासव महोत्सव भरतो, आणि पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय गावातल्या घरांतच होते. सकाळी टोपली उचलली आणि तळहाताएवढीही नसलेली पिल्लं समुद्राकडं निघाली, तेव्हा दोरीच्या मागं उभी असलेली माणसं अगदी गप्प झाली. आपल्या लग्नात मंगलाष्टकांनाही इतकी शांतता नसते.

आता माझी चूक सांगतो. वेळासहून पुढं केळशी आणि आंजर्ल्याच्या दिशेनं उतरताना एका गावी मुक्काम केला. गावाचं नाव सांगत नाही. घरमालकानं बजावलं होतं, “काका, रात्री पुळणीवर जाऊ नका, गेलात तर उजेड नको.” मी गेलो. अर्ध्या तासानं लाटेतून काहीतरी काळं वर सरकताना दिसलं. जन्मात एकदाच दिसणारी गोष्ट! मी मोबाइलचा टॉर्च लावला. मादी थांबली. तिनं हळूहळू अर्धवर्तुळात वळण घेतलं आणि ती परत पाण्यात गेली. वाळूवर येतानाची आणि जातानाची अशा दोनच रेघा राहिल्या, मध्ये खड्डा नाही.

सकाळी कासवमित्राला सांगितलं. गडबडीत मी “टॉर्च जलवली” असं म्हणालो. तो आधी आपल्या एमपीच्या मराठीला हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, “दुसऱ्या रात्री येईल कदाचित. इथंच येईल असं नाही.” रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो त्या दोन रेघांपाशी जाऊन बराच वेळ बसला, आणि मी सॅक घेऊन उभा राहिलो.

त्यानंतर मी या माद्यांच्या प्रवासाचं जे हाती लागेल ते वाचू लागलो. 2022 मध्ये कोकण किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रं बसवली गेली. कासव श्वासासाठी वर आलं की त्याचा ठावठिकाणा कळतो. वेळासच्या मादीचं नाव ठेवलं होतं प्रथमा, आणि गुहागरच्या एकीचं रेवा. आपल्या नर्मदेचंच नाव! आणि आता सुरुवातीला सांगितलेलं आठवा. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. आपल्या अंगणातलं पाणी जिथं कायमचं वेगळं होतं, ते दोन समुद्र ती पोहून एक करते. आणि एवढं करून आलेल्या जिवाला कुणाच्या तरी हातातला उजेड परत पाठवू शकतो.

तुमच्यापैकी ज्यांना जायचं असेल त्यांनी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास जावं. आधी गावात फोन करून पिल्लं कधी निघणार ते विचारून घ्या. तारीख कासवं ठरवतात, आपण नव्हे. सॅकमध्ये दोन जोड कपडे आणि पाण्याची बाटली पुरते. मी यंदा पुन्हा जातोय, त्याच गावी, त्याच घरी. घरमालकाला फोन केला तेव्हा त्यानं ओळखलं. म्हणाला, “या काका. मोबाइल मात्र रात्री माझ्याकडं द्यायचा.” मी हो म्हटलं.