छायाचित्राखालची तारीख

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या व्यासपीठावरून वेदान्त, अर्थशास्त्र आणि राज्यकारभार यांवरील विवेचन ऐकण्याचा आपला वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे, त्या व्यासपीठावर एका परदेशी करमणुकीच्या उद्यानाचे स्मृतिग्रंथ आणि त्या ग्रंथांवर चाहत्यांनी घेतलेल्या हरकती हा विषय यावा, याचे आश्चर्य काही वडीलधाऱ्या श्रोत्यांनी मघाशी माझ्यापाशी बोलून दाखवले. त्यांचा आक्षेप मी आदराने ऐकला. परंतु तो मला मान्य नाही. छायाचित्राखाली तारीख असावी आणि ती खरी असावी, या एका गोष्टीची तळमळ मला तरुणपणापासून लागलेली आहे. आणि तीच तळमळ माझ्याहूनही अधिक पोटतिडकीने बाळगणारी माणसे मला एखाद्या दप्तरखान्यात न भेटता डिस्नीलँडच्या चित्रपुस्तकांभोवती भेटली, म्हणून त्यांच्याविषयी बोलणे मला प्राप्त आहे.

डिस्नीलँडचा पूर्वेतिहास आपणा सर्वांस ठाऊकच आहे. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम गावी संत्र्यांच्या बागांच्या १६० एकर जमिनीवर, १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून, अवघ्या वर्षभरात वॉल्ट डिस्नी यांनी ते उभारले आणि १७ जुलै १९५५ रोजी दूरचित्रवाणीच्या साक्षीने खुले केले. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे नोकरीस आहेत त्यांनी ते पाहिलेही आहे. तेव्हा त्यात वेळ दवडत नाही. या उद्यानाच्या पाव शतकाच्या, तिसाव्या आणि पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने सचित्र स्मृतिग्रंथ निघाले; पुढे २०१८ साली क्रिस निकोल्स यांचा, टाशेन या प्रकाशनसंस्थेने काढलेला, भला जाडजूड चित्रग्रंथही आला. असा ग्रंथ हाती पडताच तुम्हीआम्ही पाने उलटतो, किल्ला पाहतो, डोंगर पाहतो, छान आहे म्हणतो आणि पुस्तक मिटतो. चाहता काय करतो ते पाहा. तो चित्राचा मध्य सोडून कडा पाहतो. मागची कचरापेटी कोणत्या रंगाची आहे, दिव्याच्या खांबावर कोणते फलक आहेत, आकाशात तारा आहेत की नाहीत, हे तो पाहतो आणि मग खालची ओळ वाचून म्हणतो, “हे साल चुकले.”

उदाहरण घेऊ. समजा, एक छायाचित्र आहे. पुढे भविष्यलोक म्हणजे तेथील ‘टुमॉरोलँड’, त्यात उंच पांढरे अग्नियान, मागे बर्फाच्छादित मॅटरहॉर्न पर्वत, आणि खाली छापले आहे ‘१९५८’. सामान्य वाचकास यात वावगे काही दिसणार नाही. परंतु मॅटरहॉर्न हा १४७ फूट उंचीचा कृत्रिम पर्वत, एका रुळावरची आगगाडी आणि पाणबुड्या ही तिन्ही आकर्षणे १९५९च्या जूनमध्ये, रिचर्ड निक्सन हे उपाध्यक्ष असता त्यांच्या उपस्थितीत खुली झाली. म्हणजे १९५८ हे साल पर्वतानेच खोटे पाडले. आता अग्नियानाकडे पाहा. त्याच्या अंगावर ‘टीडब्ल्यूए’ या विमानकंपनीची अक्षरे असतील तर चित्र १९६१च्या अलीकडचे नव्हे, कारण पुढच्या वर्षापासून तेथे डग्लस कंपनीचे नाव आले, आणि १९६६ साली तर ते यानच उतरवले गेले. पर्वत आहे आणि टीडब्ल्यूए आहे, यावरून चित्र १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत येऊन बसले. पाणबुडी करड्या रंगाची की पिवळी, हे दिसले तर आणखी एक दाखला मिळतो. ती पिवळी झाली ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. पर्वताच्या पोटातून हवाई पाळणे जाताना दिसत असतील तर चित्र १९९४च्या आतले, कारण त्या साली ते पाळणे बंद झाले.

मंडळी, जेधे शकावलीतील एका ओळीने शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादाचे पारडे कसे फिरवले ते या सभागृहास मी सांगायला नको. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, इतके चार शब्द. ज्याने ती यादी लिहिली त्याला वक्तृत्व नव्हते, अलंकार नव्हते, त्याने केवळ तिथी नोंदली. कचरापेटीच्या रंगावरून साल काढणारा तो कॅलिफोर्नियाचा गृहस्थ माझ्या दृष्टीने त्याच पंगतीत बसतो. (सभागृहात कुजबूज.) होय, त्याच पंगतीत! विषय लहान असेल, परंतु शिस्त तीच आहे.

चाहत्यांची दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. अधिकृत स्मृतिग्रंथात उद्यान नेहमी हसतमुख असते. उद्घाटनाच्या दिवसाचे चित्र म्हणजे किल्ल्याच्या पुलावरून धावत सुटलेली मुले. वास्तविक तो दिवस कसा होता? उष्मा शंभर अंश फॅरनहाइटच्या वर गेलेला. बनावट आमंत्रणपत्रिकांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक माणसे आत शिरलेली. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याच्या तोट्या कोरड्या, कारण पिण्याचे पाणी की शौचगृहे यांतून एकाचीच निवड करणे वॉल्टला भाग पडले होते. आणि रस्त्यावरचे ताजे डांबर इतके मऊ की स्त्रियांच्या उंच टाचा त्यात रुतून बसत. ज्यांचे उद्यानावर निस्सीम प्रेम आहे तेच चाहते ही रुतलेली टाच पुस्तकात मागतात. द्वेषाने नव्हे. ज्या घरात आपण वाढलो त्या घराच्या गळक्या कौलासकट आपल्याला ते हवे असते.

वॉल्टच्या बोटांतील सिगारेट काढून टाकलेली छायाचित्रे अधिकृतपणे वापरली गेली, हीही त्यांची जुनी हरकत. मुलांपुढे वाईट आदर्श नको, हा हेतू मी समजू शकतो. परंतु तो मनुष्य १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला, आणि त्याच्या दोन बोटांमध्ये आता रिकामी जागा आहे. दस्तऐवजातील एक ओळ खोडली की सारा दस्तऐवज संशयित ठरतो, हे कोणताही कारकून सांगेल.

येथे थोडे आडवळण घेतो. या उद्यानाचे पहिले चित्र उद्यान अस्तित्वात येण्यापूर्वीच काढले गेले. १९५३च्या सप्टेंबरातील एका शनिवारी वॉल्टने हर्ब रायमन या चित्रकारास बोलावून घेतले. थोरला भाऊ रॉय येत्या सोमवारी न्यूयॉर्कच्या सावकारांकडे भांडवल मागायला जाणार होता, आणि दाखवायला हाती काही नव्हते. रायमन संकोचला, परंतु वॉल्ट जोडीला बसायला तयार झाला, आणि शनिवार-रविवार दोघांनी खोलीत बसून, एकाने बोलत आणि दुसऱ्याने काढत, संपूर्ण उद्यानाचे विहंगम चित्र तयार केले. त्यात आगगाडीचा वेढा आहे, मध्यभागी चौक आहे, तेथून फुटणाऱ्या वाटा आहेत आणि किल्ला आहे. पुढे किल्ल्याचा नमुना तयार झाला तेव्हा याच रायमनने त्याचा वरचा भाग उचलून मागचे पुढे करून ठेवला आणि तो तसाच राहिला. म्हणजे आज ज्याच्यासमोर जगभरची कुटुंबे छायाचित्रे काढून घेतात ती बाजू मुळात पाठीमागची. या प्रसंगात माझा जीव एका गोष्टीसाठी अडकतो. त्या चित्राची तारीख आपल्याला माहीत आहे! ते दोन दिवस आपण दिनदर्शिकेत बोटाने दाखवू शकतो. ज्या स्वप्नाला तारीख आहे ते स्वप्न... (संयोजकांकडून चिठ्ठी.) वेळेची आठवण आली आहे. पंधरा मिनिटे उरली असे कळवतात. मला वाटले होते निम्मे व्याख्यान अजून व्हायचे आहे. (हशा.)

मग कोडॅक्रोमविषयी संक्षेपाने. त्या काळी अनेक अमेरिकन कुटुंबे उद्यानात येताना कॅमेऱ्यात जी ही रंगीत फीत घालून आणीत, तिची पारदर्शिका धुऊन परत येई ती पुठ्ठ्याच्या चौकटीत, आणि पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या चौकटीवर महिना आणि वर्ष छापलेले असे. चाहत्यांपाशी अशा पारदर्शिकांची खोकीच्या खोकी असतात. परंतु तो शिक्का फीत धुतल्याचा असतो, चित्र टिपल्याचा नव्हे. एखाद्या कुटुंबाने उन्हाळ्यात चार चित्रे काढून उरलेली नाताळपर्यंत ठेवली तर शिक्का जानेवारीचा पडतो. म्हणून जाणकार चाहता शिक्क्यालाही प्रतिप्रश्न विचारतो. केवढे हे सावधपण! आपल्या संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उघडा. ‘बसलेले, डावीकडून’ अशी बारा नावे, विश्वस्तांच्या पदव्यांसह, आणि साल नाही. (हशा.) आपण हसता, मी त्या पानांपाशी रात्र रात्र बसलो आहे. मागच्या भिंतीवरच्या तसबिरीवरून साल काढावे लागते, आणि ती तसबीर ओळखणारे गृहस्थ आता हयात नसतात.

एका श्रोत्याने विचारले आहे की हे चाहते केवळ दोषच काढतात काय. मुळीच नाही. ‘चिकन ऑफ द सी’ या डबाबंद माशांच्या व्यापारी नावाचे, तांबड्या पट्ट्यांच्या शिडांचे एक चाच्यांचे जहाज तेथे उभे असे आणि त्यात उपाहारगृह होते. १९८२ साली उद्यानातील परीलोक या विभागाची पुनर्रचना निघाली तेव्हा ते नाहीसे झाले. ज्यांनी लहानपणी त्या जहाजाच्या सावलीत बसून खाल्ले, त्यांना पुस्तकात ते पान लागले की पुढचे पान उलटवत नाही. तीच गोष्ट ‘भविष्यातील घरा’ची. मोन्सँटो कंपनीचे ते प्लॅस्टिकचे घर १९५७ ते १९६७ उभे होते. पाडायला आणलेला लोखंडी गोळा भिंतीवर आदळून परत येई, एका दिवसाचे काम दोन आठवडे चालले, आणि पाया तर काढलाच गेला नाही. तो आजही किल्ल्याजवळच्या झाडीत हिरवा रंगवून ठेवलेला आहे. चाहते मुलाबाळांना तेथे नेऊन तो दाखवतात. ज्या पुस्तकात त्या घराचे एक चित्र असेल आणि या पायाचा उल्लेख नसेल, त्यावर ते रागावतात, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

पाच मिनिटे राहिली म्हणतात. रंगीत छायाचित्रांचे रंग का उडतात, हा भाग सोडून देतो. तो कोणाला हवा असल्यास सभेनंतर मी बाहेर व्हरांड्यात थांबेन. एवढे मात्र बोलतोच: घरी गेल्यावर एक अल्बम काढा, छायाचित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, हात हलका ठेवून, गाव, साल आणि नावे लिहा. बॉलपेन वापरू नका. त्याची रेघ पुढच्या बाजूला उमटते आणि शाई शेजारच्या चित्राला लागते. साल नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा, पण अंदाजाला खऱ्याचे सोंग देऊ नका. घरात ऐंशी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांना शेजारी घेऊन बसा, आणि हे काम दिवाळीवर टाकू नका.

शेवटची चिठ्ठी: “यांपैकी कोणते पुस्तक विकत घ्यावे?” प्रश्न उत्तम आहे. माझे उत्तर ठाम आहे. मिळाल्यास ‘द निकेल टूर’ घ्यावे. ब्रूस गॉर्डन आणि डेव्हिड ममफर्ड या, डिस्नीच्याच रचनाविभागात नोकरीस असलेल्या दोघांनी, उद्यानाच्या टपालकार्डांवरून रचलेला तो ग्रंथ १९९५ साली निघाला, आणि चाहत्यांमध्ये त्याची प्रतिष्ठा मोठी आहे, कारण तो रचणारे स्वतः आधी संग्राहक होते आणि मग नोकर. आणि टपालकार्डाचा एक गुण माझ्या मनात फार भरलेला आहे. ते धाडणारा प्रवासी घाईत असतो, ‘आम्ही सुखरूप, मुले मजेत’ एवढे खरडून तारीख घालायला विसरतो. परंतु टपालखाते विसरत नाही. ते तिकिटावर शिक्का मारते, त्या शिक्क्यात गाव असते, महिना असतो, साल असते. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे, म्हणून येथेच थांबतो. ज्यांच्या घरी अशी जुनी टपालकार्डे असतील त्यांनी ती मला व्हरांड्यात दाखवावीत. भिंग मी बरोबर आणले आहे.