उताणं झोपता येतं का?



कन्हानकाठच्या या कामठी गावाने मला बोलावून परिषदेचा अध्यक्ष केलं. रेडिएशनच्या क्षेत्रातल्या वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घेण्याची रीत आहे. तो छापून तुमच्या पिशवीत ठेवलाय, तिथेच असू द्या. मला एका ओळीबद्दल बोलायचंय. बरीच वर्षं ती रुग्णांच्या कागदांवर वाचतोय. उमेदीच्या काळात मीही लिहिली आहे. ‘शस्त्रक्रिया शक्य नाही. लक्षणांनुसार उपचार.’

पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग बहुतेकांना कळतो तोच उशिरा. गाठीने आतड्याच्या मुख्य धमनीला विळखा घातला असेल, तर सर्जनने काय करावं? भांडण दुसऱ्या वाक्याशी आहे, कारण त्याखाली अनेकदा एकही औषध लिहिलेलं नसतं. घरचे त्याचा अर्थ ‘घेऊन जा’ असा लावतात. वर म्हणतात, ‘पर्रीकरांना हेच झालं होतं ना? मुख्यमंत्री असून गेले, आपलं काय घेऊन बसलात!’

सकाळी तरुण मंडळी अशाच रुग्णांवरच्या ‘लॅप ०७’ चाचणीवरून हातघाईवर आली होती. २०१६ साली छापून आलेली ही चाचणी. आधी चार महिने केमो. आजार आटोक्यात राहिला त्यांचे दोन गट. एकाची केमो चालू, दुसऱ्याला ५४ ग्रे रेडिएशन, म्हणजे शेक, आणि सोबत गोळ्या. केमोवाल्यांचं मध्यक आयुष्य १६.५ महिने, शेकवाल्यांचं १५.२. म्हणजे आयुष्य वाढलं नाही. जागच्या जागी गाठ वाढण्याचं प्रमाण मात्र ४६ टक्क्यांवरून ३२ वर आलं. एक गट म्हणतो शेक फुकट, दुसरा म्हणतो कामाचा. भांडा बापहो. पण त्या तासाभरात ‘दुखणं’ हा शब्द मी एकदाच ऐकला, तोही चहाच्या रांगेत, कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल.

याच कामठीची एक बिडी वळणारी बाई माझ्याकडे आली होती, कोबाल्ट मशीनच्या काळात. जन्मभर मांडीवर सूप घेऊन वाकून बसलेली. तेव्हा पाठ दुखते ती त्यानेच, असं समजून सहा महिने मलम आणि पट्टा. आली तेव्हा कावीळ कमी करायला पित्तनळीत नळी घातलेली, हातात ती ओळ लिहिलेला कागद. रात्रभर उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायची. मी पोटावर जांभळ्या शाईची चौकट आखली, तशी म्हणाली, ‘साहेब, मले उताणं नका झोपवू जी.’

आता मशीनखाली तर उताणंच झोपावं लागतं. आमच्या टेक्निशियनने गुडघ्यांखाली दोन घोंगड्या गुंडाळून दिल्या आणि सांगितलं, ‘माय, बिड्या मोज.’ ती पंचवीस मोजायची, कट्टा बांधायची, पुढचे पंचवीस. कोबाल्टचा सोर्स जुना झाला होता, त्यामुळे वेळ जास्त लागायचा. दर बाजूला चार कट्टे व्हायचे. असे दहा दिवस. तिसऱ्या आठवड्यात लेक एकटीच आली. मला वाटलं, आटोपलं. ती म्हणाली, ‘माय उताणी झोपली हाये, घोरते. गोळीसाठी उठवू का नको?’

बाई पाच महिन्यांनी गेली. तुमच्या आलेखात ती कुठेच चमकणार नाही.

एका बाईवरून शास्त्र होत नाही, हे मला कुणी शिकवू नये. स्वादुपिंडाच्या मागे, महाधमनीवर मज्जातंतूंचं जाळं असतं. पाठीत कळ तिथून येते. त्या जाळ्यावरच एका बैठकीत २५ ग्रे देण्याचा अनेक देशांतला अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. तीन आठवड्यांत निम्म्याहून थोड्या जास्त जणांचं दुखणं उतरलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, हा आक्षेप मान्य. आणि हो, हे जुन्या कोबाल्टवर करायला जाऊ नका. ड्युओडेनम शेजारीच आहे, भोक पडेल. पण साधे, थोड्या दिवसांचे शेक तरी द्या. तेही ‘आता काय उपयोग’ म्हणून नाकारले जातात, याचा मला संताप आहे.

तीच गत मॉर्फिनची. त्या लेकीला गोळ्यांसाठी किती खेटे घालावे लागले, ते मी पाहिलंय. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा सोपा झाला. आज रात्री नऊ वाजता कामठीत मॉर्फिनची गोळी कुठे मिळेल, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी हात वर करावा.

बरं.

इथल्या दवाखान्यांतून आमच्याकडे रुग्ण पाठवताना सगळ्यांचा एकच फॉर्म असावा, असं माझ्या मनात आहे. तो कोण करणार, छपाईचे पैसे कुठून येणार, हे जेवणानंतर बघू. दोन-तीन तरुणांनी नावं द्यावीत. बाकीचे रकाने तुम्ही ठरवा. पहिला मी आत्ताच सांगून ठेवतो: ‘रात्री कसे झोपता?’